शेजारणीची खापरपणजी

शेजारच्या बाईंना मीच घरात घेतलं होतं, त्यामुळे कुणाकडे तक्रार करायची सोयच नव्हती. २०२१ च्या सुरुवातीचे ते महिने. आम्ही आयर्लंडमध्ये, कॉर्क शहराच्या बाहेर राहत होतो आणि कोरोनामुळे पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती. एकट्या राहणाऱ्या माणसाला कुठल्या तरी एका घराशी जोडून घ्यायची मुभा तेवढी होती. बाई मूळच्या इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या, आयरिश माणसाशी लग्न करून इकडे आलेल्या, आता विधवा. मी म्हटलं, आमच्याकडे येत जा. त्या येऊ लागल्या, लॅपटॉप घेऊन.

आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्या पूर्वज शोधायच्या. त्यांच्याकडे दर दहा वर्षांनी शिरगणती व्हायची आणि ती जुनी पानं आता घरबसल्या बघता येतात. घरात कोण कोण, कुणाचं वय काय, धंदा काय, जन्म कुठल्या गावचा, सगळं. माझी बारा वर्षांची लेक खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसायची. मी मराठी वाचायला बसवलं की हिचं डोकं दुखायचं, आणि इथे कुठल्या तरी कारकुनाचं दीडशे वर्षांपूर्वीचं गिचमिड अक्षर तासन्‌तास लावत बसायची.

मला हेवा वाटायचा. आधी त्या पूर्वजांचा. बाईंचे पूर्वज कोण, तर दुसऱ्याच्या रानात राबणारे मजूर. पण त्यांच्या घरातली एकूणएक बाई, अगदी पाळण्यातली पोरसुद्धा, नावानिशी कागदावर होती. माझ्या माहेरच्या सातबाऱ्यावर खापरपणजोबा सापडतील. खापरपणजी नावाची कुणी होती, हे आम्ही आपलं गृहीत धरायचं.

मग लेकीचा हेवा सुरू झाला, आणि तो जास्त वाईट होता. जेवताना ती सांगायची, बाईंच्या खापरपणजीची धाकटी बहीण टोप्यांसाठी गवताच्या वेण्या विणायची. एकदा मी विचारलं, "आणि तुझ्या आजीच्या आईचं नाव काय गं?"

"आजीज मॉम?" तिने खांदे उडवले. "यू नेव्हर सेड."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नवरा औषधांच्या कारखान्यातून दमून आलेला. तो म्हणाला, "अगं, पोरगी रमलीय ना? मग ग्रँड आहे की." मी त्याच्या ताटात भात जरा जोरातच वाढला.

एका दुपारी त्या दोघी अडकल्या. बाईंची ती खापरपणजी एका शिरगणतीत सोळा वर्षांची, आईबापांच्या घरात. पुढच्या शिरगणतीत तिथे नाही. शेजारच्या घरातल्या मुलाचं मात्र लग्न झालेलं, त्याच्या बायकोचं वय बरोबर सव्वीस, जन्म त्याच गावचा. पण तिचं नाव निराळं.

मी कणीक मळत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला त्या दोघींपेक्षा जास्त कळत होतं. "तीच आहे ती," मी ठणकावून सांगितलं. "सासरी नाव बदललं असणार."

बाई गोंधळल्या. म्हणाल्या, आडनाव बदलतं, पण पहिलं नाव कशाला कोण बदलेल? लेक माझ्याकडे बघून हसली, मोठी माणसं लहानांना हसतात तसं. "आई, नोबडी डज दॅट."

"माझं बदललं की," मी म्हणाले.

मग सांगावंच लागलं. लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. आमच्या फोटोग्राफरने ते दोनदा लिहायला लावलं होतं, पहिल्या वेळी कॅमेरा तयार नव्हता म्हणून. नाव सासूबाईंनी काढलेलं, मुलाच्या नावाला शोभेलसं. माझ्या पासपोर्टावर तेच आहे, इथल्या पोस्टमनलाही तेच माहीत. आधीच्या नावाने मला आता फक्त माझी आई हाक मारते, फोनवर.

"आजी तुला म्हणते ते?" लेकीने चक्क मराठीत विचारलं. "आय थॉट इट वॉज अ पेट नेम."

"लाडाचं नाव नाही ते. माझं नाव आहे."

"डिड दे आस्क यू?"

मी पोळपाट घेतला. बाईंनी लॅपटॉप मिटला आणि नेहमीपेक्षा लवकर घरी गेल्या. शेजारच्या घरातली ती सून भलतीच कुणीतरी होती, हे त्यांना पुढे लग्नाच्या नोंदीत कळलं, म्हणजे माझा शोध चुकलाच. पण त्या संध्याकाळी त्याची मला पर्वा नव्हती. लेक ओट्याशी उभी राहून मला एकामागून एक विचारत होती. रडलीस का? शाळेत कुठल्या नावाने हाक मारायचे? लगेच वळून बघायला जमायचं का नव्या नावाला? मी पोळ्या लाटत उत्तरं देत होते. किती दिवसांनी माझी पोर माझ्याकडे बघत होती. मी दोन पोळ्या करपवल्या आणि मला मनातून गुदगुल्या होत होत्या.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं म्हणून मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेले. पाठ बाईंच्या आणि आमच्या अंगणामधल्या भिंतीकडे होती. तेवढ्यात भिंतीपलीकडून कुणीतरी मला हाक मारली, माझ्या त्या नावाने. ळ चा ल झालेला, पण नाव तेच. लेकीने सकाळीच जाऊन शिकवलं असणार. माझी पोर घेतली ती घेतली, आता आईच्या तोंडचं एवढं एक उरलेलं, तेही हिला हवं, असं माझ्या मनात आलं आणि अंगाचा तिळपापड झाला.

पण ते सगळं नंतर. त्याआधीच मी वळले होते आणि ओ दिली होती.