आईच्या छातीवर बैठक

सोयरीक असो, बोअर घ्यायचं असो की ऊस कुठल्या कारखान्याला घालायचा असो, आमच्याकडे बैठक बसल्याशिवाय पान हलत नाही. पुरुष ओसरीत सतरंजी टाकून बसतात, तासभर गावातल्या भानगडी चघळतात आणि उठायच्या वेळेला मुद्द्यावर येतात. श्रीगोंद्याजवळच्या आमच्या मळ्यात अशीच एक बैठक आईच्या हृदयासाठी बसली. जिच्या हृदयाचं ठरायचं होतं ती बाई आत सगळ्यांचा चहा करत होती.

त्याआधी बरेच महिने हंडा उचलला किंवा जरा चढण लागली की आईच्या छातीत दुखायचं. ती म्हणायची, पित्त आहे. घरच्यांनाही पित्तच सोयीचं होतं. पित्ताला चिमूटभर ओवा पुरतो आणि भाकऱ्या वेळेवर पडतात. शेवटी मी राहुरीहून सुट्टीला आले, तेव्हा तिला नगरला दाखवायला नेलं. आण्णा, म्हणजे माझे वडील, गाडीत बसायला मिळतं म्हणून सोबत आले. ॲन्जिओग्राफीत हृदयाच्या दोन नळ्या अरुंद झालेल्या निघाल्या.

डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, पंपिंग चांगलं आहे, घाई नाही, ऑपरेशन किंवा गोळ्या, दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. बायपास केली तर दुखणं बहुधा थांबेल, पण छाती उघडायची म्हटल्यावर धोका आलाच. गोळ्यांवर राहायचं तर एकही गोळी चुकवायची नाही, जेवण वेळेवर, डोक्याला ताण नको, जड कामं बंद. "त्यांनाच विचारा, त्यांना काय जमेल ते," असं तो आण्णांना म्हणाला. आण्णांनी मान डोलावली, घरी आले आणि आई सोडून सगळ्यांना विचारलं.

बैठकीत पहिलं तोंड उघडलं तात्यांनी, माझ्या चुलत्यांनी. त्यांचं सगळं वैद्यकीय शिक्षण ठिबकच्या दुकानाच्या पायरीवर झालेलं आहे. "नळी चोंदली म्हंजी काय? ठिबकला ॲसिड सोडतो का न्हाई आपुन? तेवढ्यासाठी रान उकरून पाईप बदलतंय का कुनी? गोळ्यांनी धुऊन निघतंय समदं." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. डॉक्टर स्पष्ट बोलला होता की गोळ्यांनी नळ्या धुतल्या जात नाहीत, त्रास आवाक्यात राहतो. पण डॉक्टरकडे कुठे ठिबक होतं?

मामा जामखेडहून बिस्किटाचा पुडा घेऊन आले होते आणि बोलता बोलता स्वतःच तो संपवत होते. सख्ख्या बहिणीचं दुखणं, पण त्यांचं मत ऑपरेशनच्या बाजूनं पडलं ते वेगळ्याच कारणानं. "आमच्या पाव्हन्याचं झालं की बायपास. लई भारी दवाखाना. लिफ्ट हाय, एसी हाय." जणू आईला तिथे लग्नाला न्यायचं होतं. माझा भाऊ पुण्याहून फोनच्या स्पीकरवर होता. तो म्हणाला, सेकंड ओपिनियन घ्या. कुणाचं, आणि आईला घेऊन जाणार कोण, हे विचारलं तेव्हा नेमकी रेंज गेली. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची रेंज अशीच जाते.

निकाल आण्णांनी दिला. "ऑपरेशन केलं तर तीन महिने घराकडं कोन बघनार? त्यापरीस गोळ्या बऱ्या. गोळ्यांवर मानूस हिंडतं-फिरतं ऱ्हातं." सगळ्यांनी माना हलवल्या. तात्यांनी आतल्या दाराकडे तोंड केलं. "वहिनी, ठरलं बरं का. च्या टाका अजून एकदा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, तिला कुणी विचारलं का? तात्या हसले. "तिला काय कळतंय त्यातलं?" तेवढ्यात आई कपबश्यांचा ट्रे घेऊन दारात आली. चार पावलं चालून तिला धाप लागली होती. "मला ऑपरेशन करायचंय," ती म्हणाली, आणि ट्रे ठेवून आत गेली.

मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले. खरं सांगायचं तर मलाही गोळ्याच बऱ्या वाटत होत्या. तिची छाती कुणी उघडणार हा विचारच मला सोसत नव्हता. मी म्हणाले, अगं, गोळ्यांनी भागतंय, तर चिरून कशाला घेतेस?

"भागंल की. पन दुसऱ्या कुनाच्या घरात," ती म्हणाली. "गोळी खाल्ल्याली बाई चांगलीच दिसती गं. अन् चांगल्या बाईला कोन बसू देतंय? टाकं कसं, दिसत्यात. टाकं बघून तुझा बापबी म्हनंल, बस."

बायपास का करावी याची कारणं डॉक्टरनं मला समजावून सांगितली होती, त्यात हे नव्हतं. जिवावरची जोखीम घेऊन ही बाई फक्त बसायची परवानगी मिळवणार होती, आणि आमच्या घरात तिचा हिशोब शंभर टक्के बरोबर होता. मला बाहेरच्या त्या सतरंजीची किळस आली.

मी ओसरीत जाऊन सांगितलं, आईचं ठरलंय, कागदांवर सही मी करते. ऑपरेशन झालं. आई वाचली, घरी आली आणि ओसरीतल्या कॉटवर बसली. बघायला येणाऱ्या बायकांना ती पदर जरासा बाजूला करून टाक्यांचं वरचं टोक दाखवायची, आणि बायका म्हणायच्या, बसा बसा, उठू नका. आण्णा चहा करायला शिकले, म्हणजे पातेली करपवायला शिकले. तात्या तो चहा पीत सांगू लागले की ऑपरेशनचं त्यांनीच सुचवलं होतं.

मग तीन महिन्यांनी तपासणीसाठी पुन्हा नगरला गेलो. डॉक्टरनं टाके पाहिले, छातीचं हाड दाबून पाहिलं, रिपोर्ट पाहिले. "एकदम छान. हाड जुळलंय. आता घरातली सगळी कामं करायला हरकत नाही."

आण्णांचा चेहरा असा फुलला की मला तिथेच त्यांची लाज वाटली.

"दुखतंय अजून," आई म्हणाली.

डॉक्टरनं विचारलं, कुठे? आईनं अख्ख्या छातीवरून हात फिरवला. माझ्या आईनं जन्मात पहिल्यांदा दुखतंय म्हटलं होतं, आणि ते धडधडीत खोटं होतं.

"हो डॉक्टर," मी म्हणाले. "रात्रीची कण्हत असते."

डॉक्टरनं एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, घ्या मग अजून विश्रांती.

"पन थांबनार कवा हे दुखायचं?" आण्णांनी विचारलं. डॉक्टर पुढच्या गोळ्या लिहू लागला होता, म्हणून ते आईकडे वळले.

आईनं पदर नीट केला. "काय सांगता येतंय," ती म्हणाली.