मिलनरावांचा कप

मिलान नावाचा हा सर्बियन माणूस अकोल्यात आला तो कापसाच्या एका जीनच्या मशिनी बसवायला. मशिनी बसल्या आणि त्यांच्याबरोबर तोही बसला. वर्षभरात त्याचा मिलनराव झाला आणि तो ठेच्याशी भाकर खात वऱ्हाडीत भांडू लागला. अकोलेकरांना त्यात काही नवल वाटलं नाही. भांडतो म्हणजे आपलाच!

तिकडे बेलग्रेडला तो अकरा वर्षं फुटबॉल खेळला, गुडघा मोडून घेतला, पण कप कधी हाताला लागला नाही. आईचं दर पत्रात एकच टुमणं असे, कप धरलेला एक फोटो पाठव. म्हणून मिलनरावांनी जीनवाल्यांची टीम बांधली आणि स्वतः कोच झाले. दोन वर्षं शिव्या घालून त्यांनी ती घडवली आणि सन छत्तीसच्या अधिक भाद्रपदात टीम फायनलला पोचली. समोर अमरावती होती. फोटोवाला सकाळपासूनच येऊन बसला होता.

अर्ध्या वेळेपर्यंत अमरावतीच्या देवीदासनं दोन गोल केले. दोन्ही वेळा अकोल्याचा गोलकीपर पुंजाराम माळी चक्क बाजूला सरकला.

"काहून सरकून राहिले तुमी?" मिलनराव कडाडले.

"धोंड्याचा महिना हाये, साहेब. तो देवीदास माहा जावई हाये. अनारसे द्याचे राहिले अजून. वाण न देता जावयाले नाई कसं म्हनू?"

असल्या माणसापुढे कोणता कोच डोकं फोडणार? मिलनरावांनी फोडलं नाही, चालवलं.

"मंग आत्ताच द्या ना अनारसे!"

पुंजारामची बायको तानुबाई तेहतीस अनारसे फडक्यात बांधून आलीच होती. पण वाण फडक्यात कसं द्यायचं? भांडं पाहिजे. बक्षीस द्यायला आलेले साहेबलोक चहाला गेले होते. मिलनरावांनी टेबलावरचा चांदीचा कप उचलला, त्यात अनारसे रचले आणि स्वतःच तानुबाईच्या हातात दिला. देवीदासला कुंकू लागलं, वाण मिळालं. मिलनरावांनी आग्रह करकरून नऊ अनारसे तिथंच खाऊ घातले.

मान झाला आणि पुंजाराम मोकळा झाला. गोलात तो असा उभा राहिला की वारासुद्धा आत जाईना. देवीदासला तर पळवेचना. अकोल्यानं तीन गोल ठोकले.

बक्षिसाला नाव पुकारलं, तेव्हा टेबल रिकामं होतं. कप देवीदासच्या मांडीवर होता.

"भांड्यासकट देल्लं वाण वापस घेतेत काय कुठी?" तानुबाई म्हणाली. घेत नाहीत हे सगळ्या मैदानाला माहीत होतं.

देवीदास बिचारा भला. उठला आणि कप पुढे धरून म्हणाला, "घ्या, साहेब. तुमचाच हाये."

मिलनरावांनी दोन्ही हात पुढे केले. तेरा वर्षं याच घडीची वाट पाहिली होती. त्यांना रडू कोसळलं आणि रडतारडताच हात मागे आले.

"राहू दे बापा. देल्लं ते देल्लं."

फोटो मात्र निघाला. सगळी टीम, मधोमध कप घेतलेला देवीदास आणि त्याच्या शेजारी डोळे सुजलेले मिलनराव. तीन महिन्यांनी आईचं पत्र आलं. कप धरलेला तो माणूस कोण, असं तिनं विचारलं होतं.

मिलनरावांनी उलट टपाली कळवलं, "आमचा जावई."