एका शनिवारात चार रविवार

मला विमानतळावर सोडायला नाशिकहून भाड्याची सुमो केली होती आणि तीत आम्ही नऊजण कोंबून बसलो होतो. मांड्यांवर डबे, पायांशी बॅगा. आत्याने घोटीला जे पालुपद धरलं ते कसारा घाट उतरला तरी सोडलं नाही. "तेहतीस वर्षांची पोरगी, ठरलेलं लग्न मोडलेलं, आणि तिला एकटीला सिंगापूरला धाडताय? धन्य आहे बाई तुमची!" अण्णा, म्हणजे माझे वडील, ड्रायव्हरशेजारी बसले होते. मागे न वळताच म्हणाले, "ती तिथे सुखात राहील. मी सांगतो ना." अण्णा निवृत्त मुख्याध्यापक, विषय गणित. त्यांनी "मी सांगतो ना" म्हटलं की विषय मिटायचा.

विमानतळाच्या दाराशी आई रडत होती, धाकटा भाऊ सुहास उगाचच बॅगेची कुलपं ओढून बघत होता. अण्णांनी मात्र आशीर्वादाच्या जागी सूचना दिली. "शुभा, परीक्षेच्या तोंडावर वर्ग सोडून उठायचं नाही. काहीही होवो." यात नवं काही नव्हतं. याच आत्याच्या लग्नाला ते सहामाहीचा पेपर आटोपून, ऐन अक्षतांच्या वेळी पोचले होते. आत्या अजून ते काढते.

सुखात राहीन असं त्यांनी माझ्या वतीने सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मला खरं तर सुखबिख नको होतं. साखरपुडा मोडल्यापासून जो तो माझ्याकडे जी कीव करत बघायचा, तिच्यापासून लांब जायचं होतं, एवढंच. तुमच्यातही अशा कारणाने घर सोडलेले असतीलच. आपण सांगताना 'करिअर' म्हणतो.

दोन हजार सालानंतरचा तो काळ. तिथल्या शाळांना गणिताचे शिक्षक हवे होते. बुकित बातोकमध्ये अकराव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमधली एक खोली मी भाड्याने घेतली आणि दोन बस स्टॉप पलीकडच्या शाळेत रुजू झाले. पाच वर्ग, चाळीस-चाळीस पोरं. 'टीचर'मधलं 'टी' खाऊन टाकून नुसतं "चर" म्हणणारी. "चर, कॅनॉट अंडरस्टँड ला!" मी आपली सवयीने मान डोलावली की हो म्हणते की नाही हे त्यांना कळायचं नाही. एकदा एका मुलीने फळ्याजवळ येऊन माझ्यासारखी मान डोलावून दाखवली आणि सगळा वर्ग हसून लोळला. मीही हसले. मग स्टाफरूमच्या बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. शनिवारी सकाळी मुलींच्या बास्केटबॉलवर देखरेख करायची. मी आयुष्यात कधी चेंडूला हात लावला नव्हता, पण शिट्टी छान वाजवायचे.

पहिलं वर्षभर मी रविवारी खरोखरच फिरले. एमआरटीचं, म्हणजे तिथल्या मेट्रोचं, कार्ड घ्यायचं आणि वाटेल तिथे उतरायचं. बाग, बंदर, हॉकर सेंटर नावाच्या खाऊगल्लीतलं काही तरी तिखटजाळ. पोस्टापेक्षा ईमेल स्वस्त झाली होती. मी अण्णांना सविस्तर लिहायचे, सोबत एखादा फोटो जोडायचे, सुहास ऑफिसातून ते छापून आणायचा, आणि अण्णा चष्मा सारखा करून ते ओट्यावर मोठ्याने वाचायचे. श्रोते म्हणजे त्यांचे तीन निवृत्त मित्र आणि, मुद्दाम बोलावलेली, आत्या. वाचून झालं की म्हणे तिच्याकडे बघून एकच शब्द, "ऐकलंस?"

दुसऱ्या वर्षी माझं फिरणं बंद पडलं. एकटीने किती बागा बघणार? आपल्या माणसांत जावं म्हणून तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला गेले, तर पहिल्या दहा मिनिटांत तिघींनी विचारलं, "मिस्टर कुठल्या बँकेत?" ज्याला टाळून समुद्र ओलांडला तेच हळदीकुंकू घेऊन दारात उभं. मग मी कुठेच जाईनाशी झाले. रविवार म्हणजे वह्या, लाल पेन, मॅगी आणि समोरच्या इमारतीतले बांबूवर वाळत घातलेले कपडे.

पण दर रविवारी दुपारी फोनकार्ड खरवडून मी घरी फोन करायचे आणि अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला : "मग, आज कुठे स्वारी?" एकदा मी खरं सांगितलं, "कुठेच नाही." पलीकडे एवढी शांतता झाली की मला वाटलं कार्ड संपलं. मग हळू आवाजात, "कुणी काही बोललं का गं तुला?" त्यांना दुखवायचं माझ्या जिवावर आलं. पुढच्या रविवारी मी न पाहिलेल्या पक्षी उद्यानाचं वर्णन केलं. शिक्षक माणूस, वर्णन चांगलं जमतं.

फोटोंचं काय, हा प्रश्न होता. ते यायचे थांबले तर अण्णांना शंका येणार. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी बास्केटबॉल रद्द झालं तेव्हा मी मृदुलाला गाठलं. मृदुला माझी तिथली एकुलती एक मैत्रीण, सेंगकांगला राहायची, बँकेत अकाउंटंट, आणि तिच्याकडे डिजिटल कॅमेरा होता. पिशवीत चार पंजाबी ड्रेस घेतले. सकाळी सेम्बावांगचा किनारा, मग चायनाटाऊन, मग बाग, उन्हं कलताना ईस्ट कोस्टची वाळू. प्रत्येक ठिकाणी आधी बाथरूम शोधायचं, ड्रेस बदलायचा, टिकली बदलायची, केस वेगळे बांधायचे. पर्ससुद्धा मृदुलाची आणि माझी आलटून पालटून. पोरांची कॉपी पकडणारी बाई मी, पुरावा मागे ठेवीन होय?

"शुभा, हा शुद्ध वेडेपणा आहे," मृदुला वाळूत बसून म्हणाली. "सरळ सांग ना घरी, की मला करमत नाही."

"तुला माझे अण्णा माहीत नाहीत," मी म्हटलं, आणि हसतमुखाने चौथा रविवार काढून घेतला. एका शनिवारात महिन्याची बेगमी झाली होती. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला मजा आली. म्हणजे तो एक दिवस तरी मी फिरलेच की.

दर रविवारी एक फोटो जाऊ लागला. मार्चमध्ये शाळेला आठवडाभर सुट्टी होती. नाशिकला सहज जाऊन आले असते. पण गेले असते तर माझा वाळलेला चेहरा आईने दारातच वाचला असता. म्हणून मी लिहून टाकलं, की शाळेतल्या शिक्षकांबरोबर मलेशियातल्या एका बेटावर सहलीला चालले आहे. प्रत्यक्षात सर्दीतापाने पडून होते आणि उशाशी वह्यांचा ढीग. सुट्टीतल्या रविवारी फोन केला तर अण्णांनी विचारलं, "पाणी कसं होतं गं बेटावर?"

"निळंशार, अण्णा. तळ दिसतो."

"वा!" ते म्हणाले. "मजा कर."

ते हॉस्पिटलच्या खाटेवरून बोलत होते, हे मला फार उशिरा कळलं. कावीळ म्हणून सुरू झालेलं दुखणं स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला होता. डॉक्टरांनी दोन महिने सांगितले होते. सुहासने त्याच आठवड्यात मला कळवायला फोन हातात घेतला होता, तो अण्णांनी खाली ठेवायला लावला. "सहलीचा बेत मोडू नकोस तिचा. मे महिन्यात तिच्या पोरांची परीक्षा आहे. जूनची सुट्टी लागली की येईलच ती." डॉक्टरांचे दोन महिने जूनच्या अलीकडेच संपत होते. बोटांवर मोजता येईल असं ते गणित. गणिताच्या मास्तरांना ते आलं नसेल, असं मी मानत नाही.

एप्रिलपासून फोनवर आई यायला लागली. "अण्णा आंघोळीला गेलेत." "अण्णा झोपलेत." एकदा तर म्हणाली, "देवळात गेलेत." अण्णा आणि देवळात! उभ्या हयातीत घरच्या गणपतीपुढे सोडून कुठे हात न जोडलेला माणूस. वर्गातल्या कुठल्या कार्ट्याने असली थाप मारली असती तर मी तिथेच धरली असती. इथे मला आपलं बरंच वाटलं. म्हटलं, चला, आजचं वर्णन करायचं वाचलं. एवढी मी कोत्या मनाची झाले होते.

मेच्या मध्यावर, माझ्या वर्गाचा पेपर चालू असताना, ऑफिसातली बाई मला बोलवायला आली. फोनवर सुहास होता. "ताई, ये," एवढंच म्हणाला. त्याच्या आवाजावरून कळलं. प्रिन्सिपलबाईंनी दहा मिनिटांत रजा दिली, वर टॅक्सीही बोलावली. मागितली असती तर एप्रिलमध्येही अशीच दिली असती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोचेपर्यंत त्यांनी अण्णांना बर्फावर ठेवलं होतं. आमच्या घरात पुढच्या खोलीत कुणी तरी परका, हडकलेला म्हातारा निजवलाय असं मला क्षणभर वाटलं. मग मी हात पाहिले. खडूने फाटलेली बोटं त्यांचीच होती.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मी आणि आई मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसलो होतो. आई मान वर न करता म्हणाली, "तू काही फिरत नव्हतीस ना गं तिथे?"

मी तांदळातला एक खडा नखाने बाजूला काढला.

"चार रविवार तुझ्या डाव्या हाताच्या बोटाला तीच पट्टी. कडेला तीच काळी पडलेली. विळीवर कापलेलं बोट आठवड्यात भरून येतं, शुभा."

ड्रेस बदलले, टिकली बदलली, पर्स बदलली. बोट कोण बघतंय? आई बघते.

मला रडू यायच्या आधी रागच आला. "मग बोलली का नाहीस? अण्णांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुमची पोरगी तिथे एकटी कुढत बसलीय, हे? या अवस्थेत?" तिने सूप खाली ठेवलं. "अगं, तुझा फोटो आला की दोन घास जास्त जायचे त्यांना. मी ते दोन घास बघू की तुझी पट्टी?"

मग मात्र मी पडवीतच हंबरडा फोडला. मी त्यांना सुखी दिसावं म्हणून सुखी दिसत राहिले, आणि त्या दिसण्यानेच माझी घरची वाट बंद झाली. त्यांनी मला बोलावलं नाही, कारण मी मजेत होते. याचा दोष मी सुहासवर ढकलून पाहिला, आईवर ढकलून पाहिला, अण्णांच्या त्या शिस्तीवर तर कितीदा. तो कुठेच बसत नाही, फिरून माझ्याकडे येतो.

मी परत गेले. लोकांना वाटतं, अशा गोष्टीनंतर माणूस कायमचं घरी येतं. नाही येत. पुढची पोरं वर्गात बसलेली असतात. आता मी तिथली पर्मनंट रेसिडेंट आहे, बुकित बातोकमध्येच दोन खोल्यांत राहते, आणि नव्या आलेल्या पोरींना रविवारी जेवायला बोलावते. मिस्टर कुठे असतात, हे त्यांना विचारत नाही. आईचा आणि माझा एक करार झाला आहे : फोनवर 'सगळं छान' म्हणायचं नाही. ती सांगते, आज गुडघा ठणकतोय, आज भांडी घासायलाही उठवलं नाही. मी सांगते, आज वर्गात पोरांनी रडवलं. ऐकायला भयंकर वाटतं, पण त्यानंतर मला झोप लागते. तुम्ही जे मागे राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्हीही करून पाहा, एवढंच सांगेन.

दोन वर्षांनी पुन्हा मे महिना होता, पुन्हा परीक्षा. रविवारी आई म्हणाली, "छातीत जरा जड वाटतंय." सोमवारी सकाळी मी रजेचा अर्ज टाकला आणि मिळालं ते विमान धरलं. जन्मात पहिल्यांदा कुणी न बोलावता वर्ग सोडून उठले. नाशिकला पोचून बेल वाजवली तर दार आईनेच उघडलं, हातात ताकाचा पेला.

"अगं बाई! अगं, पित्त झालं होतं मला नुसतं. आणि पोरांची परीक्षा ना तुझ्या?"

"आहे," मी म्हटलं.

ती मला ओरडेल असं वाटलं होतं. तिने पान वाढलं. मी जेवत असताना समोर बसली आणि म्हणाली, "त्यांनी शेवटच्या आठवड्यात खाट फिरवून घेतली होती, दाराकडे तोंड करून. मला म्हणाले, बोलावू नकोस तिला. पण आपणहून आलीच, तर दिसली पाहिजे."

घर म्हटलं की आता मला तेवढंच दिसतं, ती खाट आणि तिच्यासमोरचं दार. खरी मी ती पाहिलेलीच नाही. मी पोचले तेव्हा खाट बाहेर काढून ठेवलेली होती.