कार्ड नसलेले निर्वासित

मंदाकिनी कराचीत मुलींच्या मराठी शाळेत शिकवायची. नवरा गोपाळकृष्ण तिथल्याच बंदराच्या कचेरीत कारकून. अठ्ठेचाळीसच्या जानेवारीत दंगल झाली, तेव्हा एक वळकटी आणि एक ट्रंक घेऊन दोघं बोटीत चढली, मुंबईला उतरली आणि पुण्यात शनिवार पेठेत धाकट्या दिराकडे आली.

दीर श्यामसुंदर सरकारी नोकर. दोनच खोल्या, बायको, दोन पोरं, पण त्याने आनंदाने घरात घेतलं. छावणीत कराचीहून आलेल्यांची नावनोंदणी चालू आहे, निर्वासिताचं कार्ड मिळतं असं मंदाकिनीच्या कानावर आलं, तेव्हा ती निघालीच होती.

"वहिनी, छावणीच्या रांगेत उभ्या राहणार तुम्ही?" श्यामसुंदर म्हणाला. "आपण काय निर्वासित आहोत? मी आहे ना!"

तिला भरून आलं. ती गेली नाही.

पावसाळ्यात गोपाळकृष्णच्या खोकल्यातून रक्त पडलं. डॉक्टरांनी क्षय सांगितला. क्षयाच्या दवाखान्यात निर्वासितांसाठी राखीव खाटा होत्या, औषधपाणी फुकट. मंदाकिनी नावनोंदणीच्या कचेरीत गेली.

"कार्ड?" कारकुनाने विचारलं.

"नाही काढलं."

"मग मुदत संपली."

"अहो, पण आम्ही जानेवारीत आलो. हे बघा बोटीचं तिकीट."

"बोटीचंच आहे ते. निर्वासित असल्याचं नाही." मग तिचा चेहरा पाहून तो जरा मवाळला. "ज्यांच्याकडे उतरलात, त्यांच्याकडून लिहून आणा. अमुक तारखेला आलात आणि त्यांना तुम्हाला पोसणं जमत नाही, एवढंच. साहेब उशीर माफ करतील."

श्यामसुंदर आज लिहितो, उद्या लिहितो करत राहिला. चौथ्या आठवड्यात त्याची बायको कुसुम नळावर पाणी भरताना हळूच म्हणाली, "जाऊबाई, ते नाही लिहिणार. तुम्ही आल्याबरोबर त्यांनी मोठ्या सरकारी जागेसाठी अर्ज केला. नुकती आलेली माणसं धरत नाहीत, म्हणून तुम्ही दोघं पाच वर्षं आमच्याकडेच राहता, असं त्यात लिहिलंय. म्हणून तर तुम्हाला नोंदणीला जाऊ दिलं नाही."

मंदाकिनीने दिराला तोंडावर विचारलं.

"नोकरी जाईल माझी, वहिनी."

"आणि ह्यांचा जीव?"

तो चपला घालून बाहेर गेला.

साध्या इस्पितळाच्या व्हरांड्यात, खाटेसाठी नंबर लागायची वाट पाहत, गोपाळकृष्ण दिवाळीआधी वारला. "श्याम खटपट करतोय ना?" असं तो विचारत राहिला होता, आणि मंदाकिनी प्रत्येक वेळी हो म्हणाली होती.

ती एका शाळेत लागली, मंडईमागे खोली घेऊन राहू लागली. वर्षभराने श्यामसुंदर दारात उभा. जागेच्या चौकशीला माणूस येणार होता.

"दोन दिवस राहायला या, वहिनी. कुसुमसाठी तरी."

ती गेली. चौकशीच्या माणसाने विचारलं, "बाई, इथे कधीपासून?"

"अठ्ठेचाळीसच्या जानेवारीत कराचीहून आलो. नवरा वारल्यापासून मी इथे राहतच नाही. कार्ड नव्हतं, म्हणून त्यांना खाट मिळाली नाही. हे सगळं लिहून घ्या."

अर्ज फेटाळला गेला. श्यामसुंदरची बढती अडकली. मंदाकिनीला वाटलं होतं, जरा मोकळं वाटेल. तसं झालं नाही. त्या घरात तिच्याशी खरं बोललेली एकटी कुसुमच होती, आणि दोन पोरं घेऊन त्याच दोन खोल्यांत राहायची पाळी तिच्यावर आली.

पुढे कधी मंडईत समोरासमोर आल्या, की कुसुम पिशवी सावरून दुसऱ्या गाळ्याकडे वळायची. मंदाकिनी हाक मारत नसे.