आयव्हीच्या गाडीचं नाक

आयव्ही संटर कुणाचं ऐकते, असं स्वेलडेलच्या अख्ख्या खोऱ्यात कुणी म्हटलं नसतं. लढाईच्या काळात तिने लीड्समध्ये रुग्णवाहिका चालवली. लढाई संपल्यावर साहेब म्हणाला, "आता पुरुष परत आलेत, किल्ल्या द्या." तिने किल्ल्या त्याच्या चहाच्या कपात टाकल्या, गावी आली आणि भावाचा दुधाचा ट्रक हाकायला लागली. खोऱ्यातल्या बाप्यांनी आधी तोंडं वाकडी केली. मग बर्फात रुतले की तिलाच दोर घेऊन बोलवायला लागले.

लग्न तिने केलं नाही. पुढे भाऊ वारला, मेंढ्या विकल्या आणि साठी उलटलेली आयव्ही घरात एकटी उरली. घरात ती, आणि मागच्या गोठ्यात वडिलांची गाडी.

ती गाडी म्हणजे सगळाच जुगाड. सांगाडा एका गाडीचा, इंजिन दुसरीचं, मागची पेटी दुधाच्या घोडागाडीच्या फळ्यांची. पुढचा रेडिएटर वडिलांनी कुठल्याशा इस्टेटीच्या भंगारातून उचललेला, आणि घराच्या फाटकाला लावून उरलेला हिरवा रंग त्यावर फासलेला.

भाचा क्लिफर्ड म्हणाला, "आत्या, मागच्या खोलीचं छप्पर यंदाचा हिवाळा काढत नाही. ती गाडी विक. मी एक माणूस आणतो."

"आण. बघू दे त्यालाही."

आला तो मिस्टर पेलम. जुन्या गाड्यांच्या भागांची पारख आणि किंमत करणारा, हॅरोगेटचा. गाडी बघून त्याने चेहरा पाडला. मग पुढच्या बाजूला आला आणि थबकला. रेडिएटरच्या खांद्यावरून त्याने हात फिरवला, खिशातून लोहचुंबक काढून लावला. चिकटला नाही. कोपऱ्यातला रंग चाकूच्या टोकाने खरवडला, तशी खालून पिवळसर झाक असलेला पांढरा धातू दिसला.

"जर्मन सिल्व्हर," तो हळूच म्हणाला. "तांबं, जस्त, निकेल. वरचा मुलामा नाही हा, आरपार तोच धातू."

मग तो गुडघ्यांवर बसला. आतली जाळी मधाच्या पोळ्यासारखी, बारीक नळ्या हाताने डाख देऊन जोडलेल्या. वरच्या बाजूला बिल्ल्याची दोन भोकं, बिल्ला मात्र गेलेला. पाणी भरायचं झाकण उघडून त्याने तोंडाच्या कडेवरची घाण पुसली, तर ठोकलेला आकडा निघाला. बॅगेतून फोटोंचं जाड पुस्तक काढून तो खांद्याचा बाक ताडून बघत राहिला.

"मिस संटर, हा रॅव्हनहॉलचा रेडिएटर आहे. कंपनीने गाड्या काढल्या मोजक्याच, मग दिवाळं निघालं. याच्या किमतीत तुमचं सगळं छप्पर नवं होईल, वर आणखी पैसे उरतील."

क्लिफर्ड बोटांवर हिशोब करायला लागला. आयव्ही म्हणाली, "आणि गाडीचे?"

"गाडीचे काहीच नाहीत. तो कचराच आहे. रेडिएटर काढून घ्यायचा. फक्त गळतो म्हणून त्याला डाख देऊ नका, घासू नका, हा पोचाही काढू नका. जसा आहे तसाच असण्यात किंमत आहे."

"म्हणजे पाणी गळत राहिलं तरच मोल?"

"थोडक्यात, हो."

आठवड्याभरात बातमी ऐकून मेजर ऑर्टन दारात हजर. त्याच्याकडे अस्सल रॅव्हनहॉल होती, पण रेडिएटर नवा घडवलेला, नकली. तो खुर्चीवर बसलासुद्धा नाही. "बाई, असली वस्तू असल्या खटाऱ्याला शोभत नाही. तिची जागा माझ्या गाडीवर आहे. आकडा तुम्ही सांगा."

"तुमची गाडी घरी किती वर्षं आहे, मेजर?"

"वीस."

"हे नाक आमच्या गाडीवर चाळीसच्या वर आहे. चहा घेणार, की निघताय?"

क्लिफर्ड त्या दिवशी ओरडला. "तुला काय, आभाळाखाली झोपायचंय?"

"झोपेन. बापाच्या गाडीचं नाक कापून छप्पर घालायचं, म्हणजे तो माणूस कचराच जोडत बसला होता असं मी सही करून दिल्यासारखं. नाही करणार."

आणि मग तिने नेमकं तेच केलं जे पेलम नको म्हणाला होता. रेडिएटर उतरवला, तोंडं बंद केली आणि मेंढ्या धुवायच्या हौदात बुडवून सायकलच्या पंपाने आत हवा भरली. जिथून बुडबुडे आले तिथे खूण केली. वर काढून, वाळवून, वडिलांचाच डाख द्यायचा खड्या तापवून एकेक भोक बुजवलं. रंग खरवडला, राखेने घासला. बघायला आलेला क्लिफर्ड कपाळाला हात लावून बसला. "आत्या, दर घासणीला पैसे चाललेत!"

"मग डोळे मीट."

जानेवारीत मागच्या खोलीचं छप्पर खरंच खाली आलं. आयव्हीने पलंग स्वयंपाकघरात चुलीशेजारी ओढला, भगदाडावर ताडपत्री बांधली. त्या हिवाळ्यात तिला खोकला लागला तो मेपर्यंत गेला नाही. रात्री ताडपत्री फडफडायची तेव्हा आपण चुकलो का, असं एकदोनदा तिच्या मनात आलं. पण सकाळी ती गोठ्यातच जायची.

जूनमध्ये कॅगिलच्या चढावर जुन्या गाड्यांच्या क्लबची शर्यत. आयव्ही गाडी घेऊन गेली. नावनोंदणीच्या टेबलामागचा माणूस अवघडून म्हणाला, "नाही घेता येणार, मॅडम. ही कुठल्याच कंपनीची नाही."

"बरोबर. माझ्या बापाची आहे."

"नियम आहेत हो."

"रस्ता कधी बंद करता?"

"दहा वाजता."

"मग अजून तो सगळ्यांचा आहे," असं म्हणून तिने गाडी वळवली आणि चढाला घातली.

कडेला सँडविच खात बसलेली माणसं उठून उभी राहिली. दुसऱ्या वळणावर रेडिएटर तापला, झाकणाखालून वाफ फुसफुसली. तिथेच मेजर आपल्या गाडीला टेकून उभा होता. "फुकट नासवलीत वस्तू," तो म्हणाला.

"गरम झालीय. म्हणजे काम करतेय," आयव्ही म्हणाली. गाडी निवेपर्यंत ती दगडावर बसली, मग ओढ्यातून किटली भरून आणली, जाड फडक्याने झाकण हळूहळू सोडलं, पाणी ओतलं आणि पुन्हा आत चढली. पहिल्या गिअरमध्ये, खोकत, आवाज करत, गाडी माथ्यावर पोचली. खालून कुणीतरी टोपी हवेत उडवली.

क्लबने तिला पुढेही कधी घेतलं नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही. दर जूनला रस्ता बंद व्हायच्या आत ती चढून जायची, आणि काही माणसं तेवढ्यासाठी लवकर यायला लागली. एका वर्षी पेलमही आला. किंमत नाही काढली त्याने. एवढंच विचारलं, "बसू का शेजारी?"

"बस," आयव्ही म्हणाली. "किटली मांडीवर धर."