बुटांपाशी कोण बसणार?

आमच्या भरती अकादमीत उस्तादांचा एक नियम होता. कुठंही निघायचं असलं की आधी तीन प्रश्न विचारायचे. काय बिघडू शकतं? बिघडलं तर कुणाचं बिघडेल? आणि ते बिघडू नये म्हणून कोण थांबणार? उस्ताद म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. नांदेडला येऊन त्यांनी खेड्यापाड्यांतल्या मुलींना भरतीसाठी तयार करायचं काम अंगावर घेतलं होतं. मैदानात ते ‘सावधान’ ओरडले की कुंपणापलीकडचे रिक्षावालेसुद्धा ताठ बसायचे.

मला ते प्रश्न भयंकर कंटाळवाणे वाटत. मला कमांडर व्हायचं होतं, आणि कमांडर म्हणजे सगळ्यांच्या पुढं पळणारी, मोठ्यानं हुकूम सोडणारी, अशी माझी पक्की समजूत होती. घरात मी शेंडेफळ, त्यामुळे हुकूम सोडायची हौस तोवर कुणावरच भागली नव्हती.

चढावर पळायच्या सरावासाठी माहूरला जायचं ठरलं आणि त्या दिवसाची कमांडर म्हणून उस्तादांनी मला नेमलं. मी कंधारकडच्या आमच्या गावी जाऊन आईला ही बातमी दिली. तिनं कमांडरबिमांडर काही ऐकलं नाही. माहूर तेवढं ऐकलं. लगेच हिरवा खण, नारळ, बांगड्या आणि तांदळाची पुरचुंडी माझ्या पिशवीत घातली.

“रेणुकामातेची ओटी लई वर्षांची राहून गेली हाय,” ती म्हणाली. “आपल्या हातानं भर. दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नको.”

“हाव गं,” मी म्हणाले.

माहूरचा चढ आम्ही पळत चढलो. मी सगळ्यांच्या पुढं होते, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. उस्ताद गुडघ्यामुळे खाली गाडीपाशी थांबले होते. सराव झाला की दर्शन घ्या आणि ऊन चढायच्या आत खाली या, असं त्यांनी बजावलं होतं. मंदिराच्या पायऱ्यांशी आलो, बूट काढले, आणि तिथं माझी कमांडरी अडकली.

बूट अकादमीच्या स्टोअरमधले, सगळ्यांचे एकसारखे. एखादा जोड गेला तर दुसरा लगेच मिळायचा नाही. मैदानी चाचणी तोंडावर आलेली. पायात बसलेला बूट गेला म्हणजे त्या पोरीचं पळणंच गेलं. समोरची फुलवाली “ठेवा इथं, म्या बघते” म्हणत होती, पण आपल्या ताब्यातली वस्तू परक्याच्या भरवशावर सोडायची नाही, हाही उस्तादांचाच नियम.

“कोण थांबतं?” मी विचारलं.

सगळ्यांना एकाएकी मंदिराचा कळस फार आवडायला लागला. एक म्हणाली, “मी पहिल्यांदाच आले.” दुसरी म्हणाली, “माझा नवस हाय.” रांग एवढी लांब की दोन पाळ्या करायला वेळ नव्हता. हुकूम सोडायची संधी अशी समोर चालून आलेली, आणि माझ्या तोंडून निघालं, “जा तुम्ही. मी बसते.” बोलले आणि लगेच स्वतःचाच राग आला.

रागाच्या भरात मी सगळे बूट ओळीत लावले, टाचेला टाच, नाकाला नाक. तीच चूक झाली. एक आजोबा आले, माझ्या ट्रॅकसूटकडं पाहिलं, बुटांच्या रांगेकडं पाहिलं आणि आपल्या वहाणा मुकाट्यानं रांगेच्या शेवटी ठेवून चढायला लागले. त्यांच्यामागून एक अख्खं लग्नाचं वऱ्हाड आलं. “अहो, हे स्टँड नाही,” मी ओरडत राहिले. नवरी म्हणाली, “ताई, माझ्या जरा येगळ्या ठेवा, नव्या हायेत.” ठेवल्या! काय करणार?

पोरी परतल्या तोवर उस्तादही लंगडत वर आले होते. ते कमरेवर हात ठेवून माझं दुकान बघत राहिले. “बूट?” त्यांनी विचारलं.

“सगळे आहेत, उस्ताद.”

“दर्शन?”

“राहिलं.”

त्यांनी घड्याळ पाहिलं. ऊन चढलं होतं, पोरी भुकेल्या होत्या. ओटीचं सांगितलं असतं तर कदाचित थांबले असते, पण माझी जीभ रेटली नाही. उरलेल्या चपला फुलवालीनं हसत ताब्यात घेतल्या आणि ओटी माझ्याबरोबर गाडीत बसून परत निघाली. वाटभर मला एकच धास्ती होती, आईला काय सांगू?

पुढच्या सुट्टीत खण तिच्यासमोर ठेवला आणि खरं ते सांगून टाकलं. नवरीच्या चपलांचं ऐकून ती डोळ्यांतून पाणी येईतो हसली. मग खणाची घडी नीट करत म्हणाली, “त्यात काय? म्या तरी कुठं गेले आत कधी? तुम्ही समदे वर जायचा. सामानापाशी कुणीतरी बसावं लागतंयच की. म्हणून तर ओटी राहिली.”

लहानपणापासून आम्ही किती वेळा माहूरला गेलो होतो! दर खेपेला खाली उतरलो की आई पायऱ्यांशी असायची, पिशव्या, डबे आणि आमच्या सगळ्यांच्या चपला घेऊन. “झालं का दर्शन?” विचारायची आणि भाकरी सोडायची. “तुझं झालं का?” असं आमच्यातल्या एकानंही कधी विचारलं नव्हतं. मला तिथंच रडू फुटलं.

भरती झाल्यावर पहिल्या रजेत तिला घेऊन माहूरला गेले. खण तोच, नारळ नवा. पायऱ्यांशी ती सवयीनं खाली बसायला लागली. मी मैदानातला आवाज काढला, “ऊठ. हुकूम आहे. आत जायचं.” आजूबाजूचे चार लोक दचकले, पण ती उठली आणि तिच्या जागी मी बसले.

खूप वेळानं उतरली. कपाळभर कुंकू, हातात प्रसादाचा कुटलेला तांबूल, चेहरा असा की मी नुसती बघत राहिले. माझ्यापाशी तोवर पुन्हा अनोळखी लोकांच्या चपला जमल्या होत्या. तिनं तांबूल माझ्या तोंडात कोंबला, चपलांवरून एक नजर फिरवली आणि पदर सावरून शेजारी बसली.

“समद्या हायेत ना? जा आता तू. म्या बसते.”