माणिकबाईच्या पपईवरचा पाहुणा

हे नारायणा, तुझ्या सत्तेने पान हलते, तुझ्या दयेने मुक्या जिवालाही अन्नाची वाट सापडते. तुझ्या चरणी माथा ठेवून मी आज एका माळीणबाईचे चरित्र सांगतो. नाव माणिकबाई, मळा नांदगाव खंडेश्वरच्या शिवेवर.

त्या मळ्यात देशी पपई. बी सासऱ्यांनी दिलेले. चाळीस वर्षे माणिकबाईने ते फळातून काढले, राखेत घोळले, पुन्हा पेरले. गेल्या चैत्रात वादळाने सगळी झाडे मोडली. गाडग्यात मूठभर बी उरले होते, तेच अखेरचे. ते सगळे वैशाखात पेरले आणि आश्विनात झाडे फुलावर आली. जगली ती पंचवीसच: तेवीस माद्या, दोन नर.

या पपईचे वर्म असे, की नराचा पराग मादीला पोहोचल्यावाचून बी धरत नाही. पोहोचवतो एक पतंग. पुस्तके त्याला स्फिंक्स म्हणतात, माणिकबाई पाव्हणा म्हणते. तो दिवेलागणीला येतो. अंग बोटाएवढे जाड, पंख चिंचोळे, पोटावर गुलाबी-काळे पट्टे. फुलावर तो बसत नाही. हवेत थरथरत उभा राहतो आणि गुंडाळलेली सोंड सोडून मध ओढतो. त्याच्या अळीच्या शेपटीवर शिंग असते. ती रताळ्याची पाने खाते, पोट भरले की मातीत शिरते आणि कोश होऊन निजते. म्हणून माणिकबाईने बांधाला रताळी लावली, तिथे ना कधी फवारा मारला, ना कुदळ.

शेजारची दुर्गाबाई हसायची. "लोकं अयीले मारतात, अन् तू तिले पान वाढते. जावई हाय का तो तुया?"

"जावई खाते अन् रुसते. हा खाते अन् देऊन जाते."

सज्जनहो, यातली खरी लीला पुढेच आहे. मध असतो नराच्या फुलात. मादीच्या फुलात थेंबही नसतो. पाहुणा तिच्याकडे जातो तो चुकून, आणि त्या चुकीच्या पोटी फळ धरते! हे सांगताना माणिकबाईचे डोळे भरून येत. ज्याला त्याला ती पतंग ओळखायला शिकवी.

अजून एकही फळ धरले नव्हते, तेव्हाच मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ती वीस दिवस अकोल्याला लेकीकडे राहिली. मळा धाकट्या दिराने, नत्थुजींनी सांभाळला. पाणी दिले, निंदण केले, जीव लावला. ती परतली तेव्हा ते कौतुकाने म्हणाले, "वयनी, त्या दोन झाडाईच्या फुलाले फळाची गाठच नव्हती. उगाच सावली करून राहिले होते. मुयासकट उपटले म्या. तुमाले बरं वाटन म्हणलं."

माणिकबाई उपटलेल्या जागा पाहून आली. दिवेलागणीला तिने दिराला बांधावर बसवले. पतंग आला. जिथे नर झाड होते त्या मोकळ्या जागी क्षणभर थरथरला, आणि मादीच्या एकाही फुलाकडे न वळता निघून गेला.

"पायलं, भाऊजी? त्याच्या सोंडीपाशी आता मादीले द्याले काई नाई."

नत्थुजींना उमगायला वेळ लागला. उमगले तेव्हा ते उठून त्या मोकळ्या जागी गेले. "वयनी, माया हातानं झालं."

"तुमच्या हातानं नाई. म्या साऱ्या गावाले पतंग शिकवला, अन् घरात नर झाड कोनतं ते सांगितलं नाई."

दुसऱ्या दिवसापासून दोघे देशी नर शोधत फिरले. जीप बदलत बदलत पार दर्यापूरपर्यंत गेले. जिथे तिथे नर्सरीची झाडे. त्यांचा पराग आणला असता तर फळ धरले असते, बीही मिळाले असते; पण ते सासऱ्यांचे बी नव्हते. रिकाम्या हाताने दोघे परतले.

आता रोज सकाळी झाडांखाली फुलांचा पांढरा सडा पडतो. माणिकबाई तो झाडून काढते. रताळ्याच्या पानांवर मात्र अजून फवारा नाही.

हे दयाघना, गेलेले बी परत दे असे मागायला माझी जीभ धजत नाही. इतकेच दे: माणिकबाईच्या नव्या डोळ्यांना उजेड सोसू दे. नत्थुजींच्या घशाखाली घास उतरू दे. दीर-भावजयीची चूल एकच राहू दे, आणि त्या घरात त्या दोन झाडांवरून कुणी कुणाला कधीही शब्द लावू नये. कल्याण असो, माणिकबाई, तुझे आणि तुझ्या घरादाराचे.